दारापाशी तुझी जागा

नलूताई, काल रविवार होता आणि नाच झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण तुला कुठलीही गोष्ट शेवटाकडून ऐकायची सवय. सिनेमा बघायला बसलीस की सुरुवातीलाच "मरतो का गो शेवटी?" असं विचारायचीस आणि मग निवांत पाय पसरायचीस. तर झाला नाच. पुण्याची मंडळी आली, गोव्याची दोघं आली, मिरजोळ्याच्या आपल्या शेडबाहेर कधी नव्हती एवढी चपलांची रास पडली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी क्रेटवर बसले आणि फोन हातात घेतला. तुला सगळं सांगायचं होतं म्हणून. तू जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही, बोटं आपोआप तुझ्या नावावर जातात.

ही शेड तू कशी मागितलीस, ते मला मधूनच आठवतं आणि एकटीच हसते. आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना. सीझन संपला, मशिनं पुसून झाकली, की पॅकिंगची शेड पुढच्या आंब्यापर्यंत रिकामी. नवरा बोटीवर, त्यामुळे सगळं बघायचं मी आणि माझ्या सासूबाईंनी. तू मस्कतच्या हॉस्पिटलातून निवृत्त होऊन परतलेली मोठी सिस्टर. तू आलीस तेव्हा मला वाटलं, रक्तदाब तपासायचं शिबिर भरवायचं असेल. तू तर फरशीवर बूट घासलास, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालून आलीस आणि म्हणालीस, "जमीन चांगली हाय गो. कॅरमची पावडर टाकली की पाय मस्त सरकतील."

"कशासाठी सरकायला हवेत?"

"नाचायला," म्हणालीस. जसं काही सगळं मिरजोळं रविवारी नाचतच असतं.

मग तू मला मस्कतच्या नर्सेसच्या होस्टेलातल्या शुक्रवारच्या दुपारींबद्दल सांगितलंस. क्युबाची मार्ता साल्सा शिकवायची, अंगोलाची इसाबेल किझोंबा, बचाटा तर म्हणे ज्याला चालता येतं त्याला येतो. वॉर्डात उभं राहून राहून सुजलेले पाय घेऊन तुम्ही सगळ्या जमायचात आणि नाचून झालं की पाय दुखायचे थांबायचे. तू बदल्यात त्यांना काय शिकवलंस, तर सोलकढी. मी पोट धरून हसले होते. आणि हसता हसता हो म्हणाले, ते चुकून नव्हे, मला खरंच बघायचं होतं की तुझ्यासारखी बाई नाचते कशी.

नाचायचीस कशी ते आता काय सांगू? वळण पूर्ण केलंस की तुझा उजवा हात खाली यायचा आणि मनगटाला एक झटका बसायचा, पाऱ्याचं थर्मामीटर झटकतात तसा. आयुष्यभर केलेलं काम हातातून जात नाही. पुण्याच्या साल्सावाल्या ओंकारने तुला विचारलं होतं, "काकू, ही स्टाइल कुठली, कोलंबियाची का?" आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणाली होतीस, "जनरल वॉर्डातली."

पुण्याची ती पहिली संध्याकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. साल्सावाले जमतात त्या हॉटेलच्या गच्चीवर सगळी पोरं-पोरी पंचविशीतली, चकचकीत बूट, केसांना जेल. आपण दोघी पंजाबी ड्रेसमध्ये, तुझ्या पायात ते वॉर्डातले पांढरे कॅनव्हासचे बूट. ओंकार हा तिथला मुख्य. अदबीने पुढे आला आणि म्हणाला, "काकू, कुणाला घ्यायला आलात?" त्याला वाटलं तुझी मुलगी नाचतेय. तू पर्स माझ्याकडे दिलीस. "तुलाच. चल." तीन गाणी त्याला सोडलं नाहीस. परत आला तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढावा असा झाला होता आणि तो मला विचारत होता, तुम्ही नक्की कुठून आलात. रत्नागिरीहून म्हटल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. तेव्हा मला असा चेव चढला होता की मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून एका अनोळखी माणसाला नाचायला विचारलं. तो नको म्हणाला. आणि मला काहीच वाटलं नाही, हे मला जास्त आवडलं.

कारण तो तुझाच नियम. गाणं संपलं की जोडीदार बदलायचा. कुणीही कुणालाही विचारावं. समोरचा नको म्हणाला तर का ते विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही, आणि पुन्हा पुन्हा मागे लागायचं नाही. "आमच्या वॉर्डात पण पेशंट जेवायला नको म्हणाला तर ताट ठेवून यायचं. भूक लागली की जेवतो," असं तुझं म्हणणं. या एका नियमावर तू रत्नागिरीतल्या बायका शेडमध्ये आणल्यास. नको म्हणता येतं हे कळल्यावर हो म्हणायला त्यांना वेळ लागला नाही.

आणि पुरुष? पुरुषांना तू आधी साथ करायला उभं केलंस. नेणारा एक असतो, साथ करणारा दुसरा, आणि आपल्या शेडमध्ये प्रत्येक पुरुषाने पहिले काही रविवार बाईच्या जागेवर काढायचे. "आधी समोरचा काय सांगतोय ता ऐकायला शिका. मग नेण्याचं बघू." आपला रिक्षावाला दिलीप केवढा फुरंगटला होता. मला मात्र पहिल्या दिवसापासून नेणारी केलंस, कारण पुरुष कमी आणि माझे खांदे रुंद. मी यावर चिडायचं की खूष व्हायचं, ते अजून ठरवते आहे.

दिलीपचा विषय निघालाच आहे तर जाखडीचं सांगायलाच हवं. तू दिलीप आणि बाकीच्या पुरुषांना ओळीत उभं करायचीस, जोडी-जोडीने, मार्ताने शिकवलं तसं. गाणं सुरू झालं की थोड्या वेळाने ओळ वाकडी व्हायची. मग अर्धगोल. मग सगळे घड्याळाच्या उलट गोल गोल, आणि प्रत्येक जण उजवा पाय असा आपटतोय की क्रेट हलताहेत. गणपतीत लहानपणापासून पायात चाळ बांधून जाखडी नाचलेली माणसं ती, गोल धरल्याशिवाय त्यांच्या अंगात ताल शिरतच नाही. तू ओरडायचीस, "दिलीप, हळू रे मेल्या, जमीन तुझ्या बापाची नाय." महिनाभर तू फरशीवर खडूने रेघा मारल्यास. आणि एका रविवारी भर गाण्यात तू क्रेटवर बसलीस, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलीस. आम्हाला वाटलं आता ही नाद सोडणार. तू उठलीस, रेघा पायानेच पुसल्यास आणि म्हणालीस, "गोलच हवा ना तुम्हाला? मग घ्या गोल."

तो आपला पहिला रुएदा. क्युबातला साल्सा, गोलात जोड्या, आणि त्यातलाच एक जण नाचता नाचता हाक देणारा. तू "दामे" म्हणालीस की प्रत्येक नेणाऱ्याने हातातली सोडून पुढच्या जोडीदाराकडे जायचं. साथ करणारे जागच्या जागी, नेणारे पुढे पुढे. जाखडीवाल्यांना हे एका तासात आलं. पुण्याच्या पोरांना म्हणे महिने लागले होते. त्या दिवशी शेडमध्ये जो जल्लोष झाला, तो ऐकून शेजारच्या काजूच्या कारखान्यातल्या बायका बघायला आल्या आणि त्यातल्या निम्म्या पुढच्या रविवारी नाचायला आल्या. चूक सुधारायची नसते, तिला जागा द्यायची असते, असं काहीतरी मोठं वाक्य मी तेव्हा तुला ऐकवलं. तू म्हणालीस, "तुझा तत्त्वज्ञान ठेव बाजूला, फॅन लाव."

किझोंबाला मात्र मीच घाबरले होते. इतकं जवळ उभं राहायचं, छातीला छाती, आणि नुसतं चालायचं. रत्नागिरी काय म्हणेल? तुझं उत्तर तयार होतं. अंगोलात म्हणे घरच्या बारशा-लग्नात आजीसुद्धा नाचते. आणि त्याच रविवारी माझ्या सासूबाई, माई, आमचं काय चाललंय ते तपासायला शेडमध्ये आल्या. तू त्यांना विचारलंस. त्या नको म्हणाल्या. तू नियमाप्रमाणे मागे फिरलीस. तेव्हा माई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग तू चल." बारा वर्षांच्या संसारात आम्ही दोघींनी एकमेकींना पाया पडण्यापुरताच स्पर्श केलेला. आम्ही शेडभर हळूहळू चाललो, त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर, आणि मध्येच त्या म्हणाल्या, "तुझी पाठ किती ताठ गो. एवढा काय ओझा घेतलंस?" मला रडू फुटलं. गाणं संपलं तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून स्पीकरची वायर नीट करत होतीस, जी मुळीच बिघडली नव्हती. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. आता मानते.

राहून गेलं ते आणखीही एक. आपला वाद.

भाऊजींवरून. तू मस्कतला असताना तुझा नवरा पोफळीच्या कॉलनीत, वीजकेंद्राच्या नोकरीत. सुट्टीपुरती भेट आणि बाकी सगळा संसार फोनवर. दोघांनी निवृत्त होऊन एका घरात राहायला सुरुवात केली ती पन्नाशी उलटल्यावर. दर रविवारी ते तुला स्कूटरवरून आणून सोडायचे, सोडून जायचे मात्र नाहीत. शेडच्या दारात प्लास्टिकची खुर्ची, तोंडासमोर पेपर. रुएदात साथ करणारी म्हणून तुझी जागा त्या खुर्चीजवळची, दारापाशी, वारा लागतो म्हणून. सगळे रविवार तोच देखावा. मी तुला म्हणायचे, "ताई, तू काजूच्या बायका नाचवल्यास, माझी सासू नाचवलीस, आणि स्वतःचा नवरा खुर्चीत?" तू म्हणायचीस, "एकदा विचारलं होतं. नको म्हणाले." मी म्हणायचे, मग पुन्हा विचार, माणसं पुन्हा विचारायची वाट बघत असतात. तू म्हणायचीस, नियम म्हणजे नियम, घरच्या माणसाला जास्तच. मी म्हणायचे, हा नियम नाही, हट्ट आहे. मग तू पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबायचीस आणि विषय संपवायचीस. आपलं शेवटचं बोलणंसुद्धा हेच होतं, गुरुवारी, मासळी बाजारात, सौंदाळे निवडताना. मी चिडून तुझ्याआधी निघून गेले. शनिवारी सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस आणि खाली बसलीस ती उठलीच नाहीस.

पुण्याची मंडळी यायचं तू ठरवून ठेवलेलं. पहिल्यांदाच बाहेरचे लोक रत्नागिरीत नाचायला येणार म्हणून शेडला रंग द्यायला लावलास, दिलीपकडून रिक्षाचे फेरे ठरवून घेतलेस. ओंकारचा फोन आला, "रद्द करू का?" मी विचारून सांगते म्हटलं. भाऊजींकडे गेले. तेरावं नुकतंच झालेलं, घरात तुझे ते पांढरे बूट अजून पायरीवर. मी अडखळत विचारलं, पुढच्या रविवारचं काय करू. ते अंगणातल्या जांभ्या दगडाच्या गडग्याकडे बघत म्हणाले,

"गाड्या किती येतील त्यांच्या?"

"दोन असतील."

"मग काजूवाल्यांच्या गेटसमोर लावू नका म्हणावं. ट्रक येतो तिथे."

एवढंच. मी घरी येताना वाटेत स्कूटर बाजूला घेतली आणि मनसोक्त रडले, आणि लगेच स्पीकर कुठे ठेवायचे याचा विचार करायला लागले. तुझ्याबरोबर राहून माझं असं झालं आहे.

तर काल. पावडर टाकली, पंखे लावले. सुरुवातीला बचाटा, सगळे जरा जपून, पाहुणे पाहुण्यांशी आणि आपले आपल्यांशी. मग माई उठल्या आणि ओंकारसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "येतो का तुला किझोंबा?" त्याला हो म्हणावंच लागलं. त्यानंतर शेड मोकळी सुटली बघ. काजूच्या बायकांनी पुण्याच्या पोरांना असं फिरवलं की एक जण क्रेटला जाऊन धडकला. गोव्याची मुलगी दिलीपला विचारत होती, हा पाय आपटायचा प्रकार कुठे शिकलात, आणि तो कॉलर नीट करत होता. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटली, आणि लाज वाटतेय म्हणून तुझा राग आला, तू हे बघायला हवी होतीस म्हणून.

भाऊजी आले होते. त्यांची स्कूटर, त्यांची खुर्ची, पेपर. मागची सीट रिकामी होती, ते बघायचं मी टाळलं.

शेवटी रुएदा. गोल धरला. हाक आता मला द्यायची. सगळे उभे राहिले तेव्हा कळलं, साथ करणारं एक माणूस कमी आहे. दारापाशी, खुर्चीजवळ, तुझी जागा सोडून सगळे आपोआप उभे राहिले होते, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याची एक मुलगी पुढे आली, "मी उभी राहू का?" मी म्हणाले, नको. तिने का ते विचारलं नाही. तुझा नियम पुण्याला पोचला आहे.

मी तुझ्या जागेसमोर उभी राहिले आणि गाणं सुरू झालं. रिकाम्या हवेत हात धरून मी नाचले, वेड्यासारखी. मग हाक दिली, "दामे," आणि पुढे सरकले, आणि माझ्या मागचा दिलीप तुझ्या जागेसमोर आला. त्याने हात पुढे केला, कुणाला तरी वळवल्यासारखा वळवला, आणि पहिल्यांदाच पाय हळू टेकवला. पुन्हा हाक. काजूवाली रेखा आली. ओंकार आला, त्याने मान लववली. एकेक करत सगळे नेणारे तुझ्यासमोरून गेले, नलूताई, प्रत्येकाने तुला एकेक वळण दिलं. मी हाक सोडली नाही, कारण हाक थांबली की गोल मोडतो, हे तूच शिकवलेलं.

फेरी पुरी करून मी परत दारापाशी आले तेव्हा जागा रिकामी नव्हती.

भाऊजी उभे होते. अनवाणी. पेपर खुर्चीवर, वर चष्मा ठेवलेला. मी काही विचारलं नव्हतं. तुझ्यासमोर शपथेवर सांगते, नुसता हात पुढे होता, तो तर आधीपासूनच होता. त्यांनी तो धरला. उजवा पाय मागे, साथ करणाऱ्याचा. ताल चुकला नाही. मी घाबरत घाबरत त्यांना वळवलं, ते वळले, आणि वळून समोर आले तसा त्यांचा हात खाली आला आणि मनगटाला झटका बसला. थर्मामीटरचा.

मला पुढची हाक द्यायची नव्हती. खूप वेळ दिली नाही. सगळी शेड त्याच जोडीदारांबरोबर नाचत राहिली आणि कुणी कुरकुर केली नाही. मग भाऊजीच हळूच म्हणाले, "पोरी, पुढे जा. लोक थांबलेत." आणि मी हाक दिली.

निघताना ते स्कूटरपाशी चपला घालत होते. मी धीर करून म्हणाले, "भाऊजी, पुढच्या रविवारी तुम्हाला नेणाऱ्याचा भाग शिकवते. एवढं छान येतंय तुम्हाला." त्यांनी पेपरची घडी केली, डिकीत टाकली.

"ता मला नाय जमणार गो," ते म्हणाले. "ता मी कधी बघितलाच नाय."